राणी ओळखावी पाठीवरून

मृगाची पहिली दमदार सर येऊन गेली, की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पाखरांचा एकच गोंधळ उडतो. घरातले दिवे घालवले जातात, कोणीतरी परातीत पाणी भरून ओट्यावरच्या दिव्याखाली ठेवतं आणि सकाळी केर काढताना केरसुणीला पारदर्शक पंखांचा ढीग लागतो. ‘मुंग्यांना पंख फुटले’ असं त्यावर घरोघरी म्हटलं जातं. प्रत्यक्षात त्या ढिगातले बहुतेक पंख मुंग्यांचे नसतातच. ते वाळवीचे असतात.

वाळवी आणि मुंगी या दोघींचा एकमेकींशी दूरदूरचा संबंध नाही. वाळवी झुरळांच्या कुळातली, मुंगी गांधीलमाशी आणि मधमाशीच्या. पण दोघी वसाहत करून राहतात, दोघींच्या वसाहतीत राणी असते आणि दोघींच्याही पंखवाल्या पिढ्या पावसाचा मुहूर्त धरून बाहेर पडतात, म्हणून ही गल्लत होते. ती टाळायला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. वाळवीचे चारही पंख जवळपास सारख्या लांबीचे असतात आणि शरीरापेक्षा बरेच लांब जातात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. वाळवीच्या मिशा सरळ. मुंगीच्या मिशांना कोपरात मोडल्यासारखा बाक. आणि तिसरी खूण कंबर. मुंगीची कंबर कमालीची बारीक असते आणि तिच्यावर एक किंवा दोन गाठी स्पष्ट दिसतात. वाळवीला कंबर म्हणावी असं काही नसतं, छातीपासून पोटापर्यंत सगळं एकसारखं.

या चाळणीतून जे उरेल ते मुंग्यांचं. आता त्यात राणी कोणती?

इथे बहुतेकांचा पहिला अंदाज चुकतो, कारण सगळे आकार बघतात. सर्वांत मोठी दिसेल ती राणी, हा हिशेब मुंग्यांच्या बाबतीत भरवशाचा नाही. घराच्या आवारात, आंब्याच्या बुंध्यावर, सांडलेल्या सरबतावर जमणारा काळा मुंगळा घ्या. त्याचं शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. या जातीत कामकरी मुंग्याच लहानमोठ्या अनेक मापांच्या असतात आणि त्यांतल्या दांडग्या, मोठ्या डोक्याच्या कामकरणी पाहून अनेकांना राणी सापडल्याचा आनंद होतो. फेयडोले या गटातल्या बारीक मुंग्यांमध्ये तर शिपाई मुंगीचं डोकं बाकीच्या शरीराला न शोभेल इतकं मोठं असतं. हे मोठं डोकं म्हणजे जबड्याच्या स्नायूंची जागा. दाणे फोडायला आणि शत्रूला चावायला त्याचा उपयोग. अंडी घालण्याशी त्याचा संबंध नाही.

राणीची खूण डोक्यात नसते, ती छातीत असते. मराठीत बोलायचं तर पाठीत. कामकरी मुंगी जन्मात कधी उडत नाही, त्यामुळे तिची छाती अरुंद आणि वरून पाहिली तर डोक्यापेक्षा बारीक असते. राणीला मात्र आयुष्यात एकदा उडायचं असतं. त्या एका उड्डाणासाठी लागणारे स्नायू मावायला तिची छाती रुंद आणि फुगीर झालेली असते, पैलवानाच्या खांद्यांसारखी. वरून बघितलं तर या छातीवर वेगवेगळ्या पट्ट्या जोडून केल्यासारख्या रेषा दिसतात. कामकरीच्या पाठीवर त्या जवळजवळ पुसलेल्या असतात. पंख गळून गेले तरी ही छाती जागची हलत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना जिथे पंख जोडलेले होते तिथे लहानसे व्रण राहतात, तेही साध्या भिंगातून दिसतात. जोडीला कपाळावर तीन बारीक साधे डोळे आणि भरलेलं पोट. यांतली एखादी खूण अस्पष्ट असली तरी चालेल, पण पाठ अरुंद असेल तर ती राणी नव्हे, मग ती कितीही मोठी का असेना.

पंख असलेली प्रत्येक मुंगी तरी राणी असते का? तसंही नाही. थव्यात नरही असतात आणि काही जातींत तर ते संख्येने भरपूर असतात. नराचं डोकं लहान, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, मिशांचा कोपरापर्यंतचा पहिला भाग आखूड, अंग सडपातळ आणि पोटाच्या टोकाला चिमट्यासारखे अवयव. राणीच्या शेजारी ठेवला तर तो वेगळ्याच जातीचा किडा वाटावा. त्याच्या जन्माचीही गंमत आहे. मुंग्यांमध्ये फलित न झालेल्या अंड्यातून नर निपजतो, म्हणजे त्याला आई असते, बाप नसतो. मिलनानंतर तो फार तर काही दिवस जगतो. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, या अर्थाची आपल्याकडची जुनी समजूत नरांच्या बाबतीत अगदी खरी आहे.

राण्यांच्या बाबतीत ती अर्धीच खरी. लासियस नायजर या युरोपात सर्रास आढळणाऱ्या काळ्या मुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. इंग्लंडचे जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात काचेच्या घरट्यात पाळलेली एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. एवढ्या वर्षांत राणी पुन्हा कधी मिलनाला बाहेर पडत नाही. पहिल्या उड्डाणात मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या एका लहानशा पिशवीत जिवंत ठेवते आणि त्यांतले जपून वापरत लाखो अंडी फलित करते. मोठी वसाहत उभी करणाऱ्या या राण्या उड्डाणात भाग घेणाऱ्यांतल्या फारच थोड्या. बाकीच्या पहिल्या एकदोन दिवसांतच कोतवाल, वेडा राघू, पाकोळ्या, चतुर, बेडूक, पाली आणि परक्या वसाहतींतल्या मुंग्या यांच्या तोंडी जातात.

मग हे सगळं पावसाशीच का जोडलेलं? एक कारण सरळ आहे. राणीला एकटीने जमिनीत बीळ करायचं असतं आणि एप्रिलच्या कडक मातीत ते जमत नाही. ओल्या मातीत जमतं, शिवाय दमट हवेत ती आणि तिची पहिली अंडी सुकत नाहीत. दुसरं कारण जास्त मनोरंजक आहे. आपल्याच वारुळातल्या भावाशी जोडी जमण्यापेक्षा परक्या वारुळातला नर मिळणं पिढीच्या हिताचं असतं. त्यासाठी शेजारपाजारच्या सगळ्या वारुळांनी एकाच वेळी दारं उघडली पाहिजेत. मुंग्यांकडे कॅलेंडर नाही. पण पाऊस, तापमान आणि वारा हे सगळ्यांना एकाच वेळी कळतात. सगळ्या एकदम उडाल्या म्हणजे खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि तरीही काही राण्या उरतात, हा आणखी एक फायदा.

ब्रिटनमध्ये या ‘उडत्या मुंग्यांच्या दिवसा’चं मोठं कौतुक असतं. तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ बायोलॉजीने २०१२ पासून काही वर्षं नागरिकांकडून नोंदी मागवल्या आणि प्राध्यापक ॲडम हार्ट व सहकाऱ्यांनी त्या तपासल्या. निष्कर्षाने त्या कौतुकातली हवाच काढून घेतली. असा कुठलाही एक दिवस नसतो. जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ रोज देशात कुठे ना कुठे मुंग्या उडत असतात. अट एवढीच, की तापमान १३ अंश सेल्सियसच्या वर हवं आणि वारा सेकंदाला ६.३ मीटरपेक्षा मंद हवा. तरीही काही दिवस थवे एवढे दाट असतात, की २०१९ आणि २०२० च्या जुलैमध्ये दक्षिण इंग्लंडवरच्या हवामान खात्याच्या रडारवर ते पावसासारखे उमटले.

प्रत्येक जातीचा मुहूर्त वेगळा असतो, ही शोधणाऱ्याने ध्यानात ठेवण्याची बाब. स्पेन-पोर्तुगालमधली दाणे गोळा करणारी मेसोर बार्बारस ही मुंगी उन्हाळा संपल्यावर, शरदातल्या पहिल्या पावसानंतर उडते. अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या पोगोनोमिर्मेक्स मुंग्यांचे नर वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी जमतात आणि राण्या तिथे येतात. जर्मन शास्त्रज्ञ बर्ट होल्डोब्लर यांनी ही ‘स्वयंवराची मैदानं’ १९७० च्या दशकात अभ्यासली. पुरेसे शुक्राणू मिळाले की या राण्या अंग घासून एक करकर आवाज काढतात. नराने आता बाजूला व्हावं असा त्याचा अर्थ. काही जाती भर दुपारी उडतात, काही तिन्हीसांजेला, काही रात्री.

आपल्याकडे वळवाच्या पावसापासूनच डोळे उघडे ठेवायला हरकत नाही. धो धो पाऊस चालू असताना काही मिळत नाही. सर थांबून उघडीप पडली, हवा दमट आणि वारा पडलेला असला, की वारुळाच्या तोंडाशी लगबग दिसू लागते. कामकरी मुंग्या बाहेर येऊन पहारा देतात, भोक रुंद करतात आणि त्यांच्यामधून पंखवाल्या राण्या आणि नर गवताच्या पात्यावर, दगडावर, जे काही उंच मिळेल त्यावर चढतात. हा सोहळा अर्ध्या-पाऊण तासात आटोपू शकतो. तो चुकला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी गच्ची, सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान, फुटपाथच्या कडा आणि पाण्याचे पिंप बघावेत. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखालची भिंत तर हमखास. पंख गाळलेली राणी एकटी चालत असते. तिच्यापुढे-मागे रांग नसते. ती दाणा उचलत नाही, भिंतीच्या कडेकडेने जाते, प्रत्येक फटीत डोकं घालून पाहते आणि पुढे सरकते. एकदा हे चालणं ओळखीचं झालं की ती उभ्याउभ्याही दिसते.

राणी आहे हे ठरलं, पण कोणत्या जातीची? मुंगीतज्ज्ञ हिमेंदर भारती आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती आणि १०० प्रजाती (म्हणजे जातींचे गट) आहेत. त्यामुळे फोटोवरून थेट जातीपर्यंत पोहोचण्याचा हट्ट धरू नये. गटापर्यंत पोहोचणं मात्र कठीण नाही. त्यासाठी कंबर मोजायची. एकच गाठ असेल तर ती बहुधा मुंगळ्यांच्या किंवा आंब्या-फणसाची पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल झाडमुंग्यांच्या कुळातली. या कुळातल्या मुंग्यांना नांगी नसते, त्या चावतात आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल फवारतात. दोन गाठी असतील तर फेयडोले, सोलेनोप्सिस, मोनोमोरियम, कॅरेबारा यांपैकी काहीतरी. मिशीचे सांधे मोजता आले तर आणखी सोपं: सोलेनोप्सिसच्या राणीच्या मिशीच्या टोकाशी दोन जाड सांध्यांची गदा असते, मुंगळ्याच्या मिशीला गदा नसतेच.

रंगावर मात्र विसंबू नये. झाडमुंग्यांच्या कामकरी लाल-केशरी, पण राणी हिरवट आणि त्यांच्या दुपटीहून मोठी. त्यांच्या शास्त्रीय नावातल्या ‘स्मॅरॅग्डिना’ या भागाचा अर्थच पाचूसारखी. कॅरेबारात तर कामकरी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या आणि राणी त्यांच्या कित्येक पट. दोघी एका घरातल्या आहेत हे सांगूनही पटत नाही.

आणि आता अपवाद, कारण मुंग्यांच्या जगात तेच फार आहेत. पावसाळ्यात दिव्यावर कधीकधी दोन सेंटीमीटरच्या आसपासचा, तपकिरी, लांबट गुबगुबीत पोटाचा, लवदार किडा आदळतो. लोक त्याला गांधीलमाशी समजून चपलेने मारतात. तो डोरायलस या फौजी मुंगीचा नर असतो. आफ्रिकेत तर त्याला सॉसेज-माशी म्हणतात. बटाटा-भुईमुगाची मुळं कुरतडणारी डोरायलस ओरिएंटॅलिस याच गटातली. इथे पंखवाला म्हणजे नरच, कारण डोरायलसच्या राणीला पंख कधीच नसतात. ती अवाढव्य, आंधळी आणि सदैव जमिनीखाली असते; तिला शोधायला पावसाची वाट बघून काही उपयोग नाही.

पश्चिम घाटासह भारतात बऱ्याच ठिकाणी आढळणाऱ्या डायाकामा या काळ्या, खरखरीत अंगाच्या मुंगीत राणी ही जमातच नाही. प्रत्येक मादी पाठीवर पंखांच्या जागी दोन बारीक गुठळ्या घेऊन जन्मते. वसाहतीतली वरचढ मादी बाकीच्यांच्या गुठळ्या चावून तोडते. ज्या एकीच्या शाबूत राहतात तीच मिलन करते आणि अंडी घालते. म्हणजे इथेही सत्ता कोणाची हे पाठच सांगते, फक्त उलट्या वाटेने. कोलकात्याच्या आयसर संस्थेत सुमना अण्णागिरी यांचा गट या मुंग्यांवर बरीच वर्षं काम करतो आहे. घरटं बदलताना एकेकीला मागे चालवत नव्या घरी नेण्याच्या त्यांच्या पद्धतीचे बारकावे तिथे तपासले गेले आहेत.

नरांमध्येही फसवे आहेत. मुंबई इलाख्यात जंगल खात्यात असलेले रॉबर्ट रॉटन हे हौशी कीटकशास्त्रज्ञ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १८९२ साली त्यांनी ‘आपल्या मुंग्या’ या विषयावर दीर्घ लेख लिहिला. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून स्वित्झर्लंडचे ऑग्युस्त फोरेल यांनी १८९० मध्ये एक नवी प्रजातीच जाहीर केली. दोनच वर्षांत फोरेल यांना कळलं, की ती प्रजाती वगैरे काही नव्हती. ते कार्डिओकॉन्डायला मुंगीचे बिनपंखी नर होते. त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या मुंगीतज्ज्ञाला जे चकवू शकलं, ते मोबाइलच्या फोटोतून लगेच उमगलं नाही तर वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. साखरेच्या डब्याभोवती फिरणाऱ्या पिवळसर फॅरो मुंग्याही आकाशात जातच नाहीत. मिलन घरट्यातच होतं आणि एक राणी थोड्या कामकरणी घेऊन शेजारच्या फटीत बिऱ्हाड थाटते. आणि हे सगळं बघताना पाय मोजायला विसरू नये. आठ भरले तर तो मुंगीचं सोंग घेतलेला कोळी आहे, झाडमुंगीची हुबेहूब नक्कल करणारा कोळी भारतातही मिळतो.

पंख गळाल्यावरची गोष्ट पुन्हा त्या पाठीशीच येते. मुंगळ्यासारख्या जातींची राणी बिळात शिरते, तोंड बुजवते आणि पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत काहीही खात नाही. त्या आठवड्यांमध्ये तिच्या छातीतले उड्डाणाचे स्नायू हळूहळू विरघळतात आणि तिने साठवलेल्या चरबीबरोबर अळ्यांचं अन्न बनतात. फ्रेंच संशोधक शार्ल जाने यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवून दिलं. या उपासातून जन्मलेल्या पहिल्या कामकरणी नेहमीपेक्षा ठेंगण्या असतात, पण बीळ उघडून अन्न आणायला त्या पुरतात. प्रत्येक जात असा उपास करत नाही. दक्षिण भारतातली लांब जबड्यांची, उडी मारून शिकार करणारी हार्पेग्नाथोस सॉल्टेटर हिची राणी सुरुवातीच्या दिवसांत स्वतः शिकारीला बाहेर पडते.

मुंग्या पाळणाऱ्या हौशी लोकांचं सगळं तंत्र याच उपासावर उभं आहे. काचेची नळी, तिच्या तळाशी पाणी, मध्ये कापसाचा बोळा, राणी, पुन्हा कापूस आणि अंधार. एवढ्यावर ती महिना-दोन महिने सहज काढते. म्हणूनच राण्या टपालाने पाठवता येतात आणि म्हणूनच त्यांचा बाजारही झाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० राण्या सापडल्या. बहुतांश मेसोर सेफॅलोटिस या आफ्रिकेतल्या मोठ्या, तांबूस मुंगीच्या, नळ्यांमध्ये कापूस घालून बंद केलेल्या. न्यायालयाने दोघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा १२ महिने कैद सुनावली. बातमी वाचून ‘मुंग्यांसाठी एवढं?’ असं वाटू शकतं. पण राणी पकडणं म्हणजे एक मुंगी पकडणं नव्हे. ती तगली असती तर तिथे एक वसाहत झाली असती.

दुसरी बाजू त्याहून गंभीर. भलत्या देशात सुटलेली एक फलित राणी पुरेशी असते. दक्षिण अमेरिकेतली लाल आग-मुंगी, सोलेनोप्सिस इनव्हिक्टा, २०२३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावर सापडली तेव्हा तिथे आधीच ८८ वारुळं झालेली होती. आपल्याकडची डंख मारणारी सोलेनोप्सिस जेमिनाटाही मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात अकापुल्को ते मनिला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून ती आशियात आली, असं तिच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. तेव्हा परदेशी राणी मागवणं ही हौस नव्हे, हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

स्वतःच्या अंगणातली राणी बघायला मात्र कोणी अडवलेलं नाही. यंदा पहिल्या उघडिपीत ती दिसली तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो घ्यावेत. तारीख, वेळ, ठिकाण आणि पाऊस थांबून किती तास झाले हे टिपून ते इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर टाकावं. आणि तिला सावलीतल्या ओल्या मातीवर सोडून द्यावं, शेजारी दुसऱ्या मुंग्यांचं वारूळ नाही ना, एवढं पाहून.